चित्रपटांचें शहर कसें पाहावें?

नगरहून रात्रीच्या एस. टी.नें निघालेला प्रवासी पहांटे मुंबई सेंट्रलच्या आगारांत उतरतो. डोळ्यांवरची झोंप पुरती गेलेली नसते, हातांत पिशवी असते, आणि ज्या नातलगांकडे जावयाचें त्यांच्या घरीं इतक्या लौकर कसें जावें, असा संकोच मनांत असतो. अशा वेळीं समोर एक मोठी इमारत त्याच्या दृष्टीस पडते. तिच्यावर ‘मराठा मंदिर’ हीं अक्षरें असतात. बहुतेक प्रवासी तिच्याकडे एकदां पाहतात आणि टॅक्सीच्या शोधार्थ चालूं लागतात. दोन-तीन दिवसांनीं हेच प्रवासी वांद्र्याच्या समुद्रकांठीं एखाद्या नामांकित नटाच्या बंगल्याबाहेर उन्हांत तासभर उभे असलेले आढळतात. फाटक उघडत नाहीं, नट दिसत नाहीं. फाटकाचें छायाचित्र तेवढें घेऊन मंडळी परततात आणि गांवीं सांगतात कीं, मुंबईंतली सिनेमाची दुनिया पाहून आलों.

वस्तुतः ज्या इमारतीकडे त्यांनीं पाठ फिरविली तिच्यांतच ती दुनिया होती. मराठा मंदिर हें चित्रपटगृह १९५८ सालीं उघडलें. ५ ऑगस्ट १९६० रोजीं ‘मुगल-ए-आझम’चा पहिला खेळ येथेंच झाला. ऑक्टोबर १९९५ मध्यें ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा चित्रपट येथें लागला, आणि डिसेंबर २०१४ मध्यें त्यानें एक हजार आठवडे पुरे केले. करोनाच्या साथीचा खंड सोडला तर त्यानंतरही त्याचा दिवसाचा एक खेळ येथें चालूच राहिला. तिकीट अल्प, आणि समोर गाड्यांचें आगार. त्यामुळें गाडीची वाट पाहणारा प्रवासी, रात्रपाळी करून आलेला कामगार, नुकतें लग्न झालेलें जोडपें, आणि तोच चित्रपट कितव्यांदा पाहत आहों हें विसरून गेलेला एखादा रसिक, असे नाना तऱ्हेचे लोक या खेळास येतात. पडद्यावरील पात्र बोलण्यापूर्वींच त्याचें वाक्य प्रेक्षकांतून ऐकूं येतें. हा देखावा बंगल्याच्या फाटकाबाहेर कोणासही दिसावयाचा नाहीं.

म्हणून पाहुण्यानें एक गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. चित्रपटांचें शहर म्हणजे नटांचा मुक्काम नव्हे. जेथें चित्रपट तयार होतो, जेथें तो जतन केला जातो आणि जेथें तो लोकांत बसून पाहिला जातो, तीं स्थळें मिळून तें शहर होतें. यांपैकीं पहिल्या स्थळीं पाहुण्याचा शिरकाव थोडाच होतो, दुसऱ्याची त्याला बहुधा वार्ता नसते, आणि तिसरें त्याला इतकें नित्याचें वाटतें कीं तें पाहण्यासारखें आहे हेंच त्याच्या मनांत येत नाहीं.

या दर्शनाची तयारी मुंबईस पोंचल्यावर नव्हे, तर घरींच करावी. ज्या मनुष्यास आपल्या गांवाचा धागा सांपडला त्याला परकें शहर परकें राहत नाहीं. अहमदनगर जिल्ह्याचेंच उदाहरण घेतलें तर (या शहराचें नांव २०२४ पासून अधिकृतपणें अहिल्यानगर झालें आहे) असे धागे एकाहून अधिक सांपडतात. २५ एप्रिल १९१८ रोजीं नगर येथें एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत शाहू मोडक यांचा जन्म झाला. १९३२ सालीं दादासाहेब तोरणे यांच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटांत ते बालकृष्ण झाले, आणि मुंबईंत त्या चित्रपटानें रौप्यमहोत्सव साजरा केला. पुढें १९३९ सालीं ‘माणूस’मध्यें त्यांनीं पोलीस शिपायाची भूमिका केली आणि १९४० सालीं ‘संत ज्ञानेश्वर’मध्यें ते ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशास, म्हणजे याच जिल्ह्यांत. एका ख्रिस्ती घरांतील नगरच्या मुलाला महाराष्ट्रानें आधीं कृष्ण आणि मग ज्ञानोबा म्हणून मनोभावें पाहिलें, आणि त्यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. पडद्याची ही शक्ति नेवाशाच्या पैस खांबासमोर उभें राहून आठवावी, आणि मग प्रवासास निघावें.

अलीकडचे धागेही आहेत. ‘अर्धसत्य’ या १९८३ सालच्या चित्रपटांत थंड आवाजांत बोलणारा रामा शेट्टी ज्यांनीं उभा केला, ते सदाशिव अमरापूरकर नगरचेच. ‘फँड्री’ व ‘सैराट’ यांचे दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरचे. परंतु चित्रमाध्यमाचें शिक्षण त्यांनीं नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयांत घेतलें. हे चित्रपट घरीं पुन्हां एकदां पाहून जो निघेल, त्याच्या डोळ्यांना शहरांत पुष्कळ अधिक दिसेल.

नगरहून मुंबईकडे जाणारा एक मार्ग माळशेज घाटानें जातो, दुसरा पुण्यावरून. चित्रपटांसाठीं निघालेल्या माणसानें पुण्याचा मार्ग धरावा व तेथें एक दिवस मोडावा. पुण्याच्या प्रभात रस्त्यावरून हजारों लोक रोज जातात. त्या नांवाचें कारण थोड्यांनाच आठवतें. १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली, आणि तेथेंच ‘संत तुकाराम’ तयार झाला. हा चित्रपट १९३६ सालीं मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहांत लागला तो वर्षाहून अधिक काळ उतरला नाहीं. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. प्रभातच्याच आवारांत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था सुरू झाली. आज देशभरचीं मुलें तेथें छायालेखन, संकलन आणि दिग्दर्शन शिकतात. प्रभातच्या जुन्या वस्तूंचें एक लहानसें संग्रहालयही तेथें आहे. संस्था शिकण्याची असल्यानें वाटेल तेव्हां आंत जातां येत नाहीं. आधीं पत्र किंवा दूरध्वनि करून अनुमति घ्यावी.

जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचें खरें काम जुने चित्रपट शोधून, दुरुस्त करून पुढील पिढ्यांसाठीं ठेवणें हें आहे. प्रारंभीं तिची सर्व भिस्त एका माणसाच्या चिकाटीवर होती. पी. के. नायर हें त्यांचें नांव. रिळांचे गंजलेले डबे शोधीत ते देशभर हिंडले. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या १९१९ सालच्या चित्रपटांत त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. ती मुलगी आज पडद्यावर हंसतांना दिसते ती अशाच शोधामुळें.

हें काम किती नाजूक आहे हें समजण्यास थोडें रसायनशास्त्र ठाऊक असावें. जुन्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. तो पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊ. एकदां पेटला कीं हवा तोडूनही विझत नाहीं, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु त्याच्या पोटांतच असतो. पेटला नाहीं तरी ओलाव्यानें व उष्णतेनें तो चिकट होत जातो आणि शेवटीं डब्यांत तपकिरी भुकटी उरते. त्यांतून फिल्मवरील लेपांत चांदी असल्यानें पुष्कळ रिळें ती चांदी काढण्यासाठीं मुद्दाम नष्ट करण्यांत आलीं. ८ जानेवारी २००३ रोजीं प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठारास आग लागली आणि तेथें ठेवलेलीं नायट्रेटचीं मोलाचीं रिळें जळून गेलीं. आपल्या देशांत हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले आज पाहावयास मिळतात ते अगदींच थोडे. ज्या पाहुण्यास संग्रहालयाच्या चित्रगृहांत एखादा जुना खेळ पाहण्याचा योग येईल, त्यानें ही गोष्ट स्मरून पाहावें, म्हणजे पडद्यावरचे ओरखडेही त्याला वृद्धाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांसारखे आदरणीय वाटतील.

पुण्याहून मुंबईस आल्यावर पहिला फेरफटका काळाघोडा भागांत करावा. तेथें लोखंडी सांगाड्यावर उभी असलेली वॉटसन हॉटेलची जुनी इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं या इमारतींत. पॅरिसला पहिला जाहीर खेळ होऊन त्या वेळीं सहा महिन्यांहून थोडाच अधिक काळ लोटला होता. इमारत अतिशय जीर्ण झाल्यानें ती बाहेरूनच पाहावी लागते. परंतु रस्त्याच्या कडेला उभें राहून, आगगाडी आपल्या अंगावर येत आहे असें वाटून दचकलेल्या त्या प्रेक्षकांची कल्पना करण्यास कोणाची अनुमति लागत नाहीं.

तेथून गिरगांवांत यावें. येथें मात्र पाहुण्याला डोळ्यांपेक्षां स्मरणाचा आधार घ्यावा लागतो. ३ मे १९१३ रोजीं फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमांत लोकांसमोर आला. तो चित्रपट केवळ एकट्याचें कर्तृत्व नव्हतें. पत्नी सरस्वतीबाई घरांतील सर्व माणसांचा स्वयंपाक करून रात्रीं फिल्मला भोंकें पाडीत आणि ती धुण्याच्या कामांत हात देत. तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळाली नाहीं, म्हणून अण्णा साळुंके नांवाच्या तरुणानें लुगडें नेसलें. ते कॉरोनेशन आज नाहीं. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट जेथें लागला, तें गिरगांवांतील मॅजेस्टिकही पाडलें गेलें. तेथें आज दुकानांची इमारत आहे. इमारत गेली ती गेलीच. परंतु ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाहीं. देशाचा पहिला बोलपट आज एक शब्दही बोलूं शकत नाहीं. गिरगांवच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर पांच मिनिटें थांबून ही हानि समजून घेणें हेंही चित्रपटांच्या शहराचें दर्शनच होय.

दुसरा दिवस पेडर रोडवरील भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठीं राखून ठेवावा. गुलशन महाल या जुन्या बंगल्यांत आणि शेजारच्या नव्या इमारतींत तें मांडलें असून जानेवारी २०१९ मध्यें सर्वांस खुलें झालें. येथें मूकपटांपासून आजवरचा क्रम लावलेला आहे. जुने कॅमेरे, प्रक्षेपक, भित्तिपत्रकें, वेशभूषा यांची मांडणी आहे. मुलें बरोबर असतील तर त्यांना घाईनें पुढें ओढूं नये. स्थिर चित्रांची पट्टी डोळ्यांसमोरून झरझर नेली कीं चित्र हलतें कसें, हें पुस्तकांत दहा वेळां वाचून कळत नाहीं तें येथें एका यंत्राशीं उभें राहिल्यावर कळतें. सोमवारीं संग्रहालय बंद असतें. एवढें ठाऊक नसल्यानें बंद दारावरून परत गेलेलीं कुटुंबें थोडीं नसतील.

गोरेगांवची दादासाहेब फाळके चित्रनगरी हें सर्वांच्या तोंडीं असलेलें स्थळ. १९७७ सालापासून चालत आलेल्या या विस्तीर्ण आवारांत मार्गदर्शकाबरोबर फिरण्याची सोय असते. तेथें नट भेटेल या आशेनें जाऊं नये, म्हणजे निराशा होत नाहीं. पुढून देऊळ, बाजूनें न्यायालय आणि मागून नुसत्या फळ्या, अशी एखादी भिंत पाहिली, आणि एका क्षणाच्या दृश्यासाठीं तीस-चाळीस माणसें किती वेळ तिष्ठत असतात हें एकदां नजरेस पडलें, कीं या धंद्याचें पुष्कळसें मर्म कळतें. मग घरीं पडद्यावर नांवांची लांब यादी येऊं लागल्यावर तो मनुष्य ताबडतोब उठत नाहीं.

हें सारें झाल्यावर मुख्य गोष्ट राहते, ती चित्रपट पाहण्याची. पाहुणे म्हणतात, चित्रपट काय, घरींही दिसतो. परंतु देऊळ घरींही असतें, म्हणून कोणी पंढरीस जावयाचें सोडीत नाहीं. मुंबईंत चित्रपटगृह हीच एक पाहण्यासारखी वस्तु आहे. कुलाब्याचें रीगल १९३३ सालीं उघडलें; चर्चगेटसमोरचें इरॉस १९३८ सालचें. त्या काळीं रुळलेल्या गोलाईदार, सरळ रेघांच्या शिल्पपद्धतीचे हे नमुने. इरॉस कांहीं वर्षें बंद राहून २०२४ सालीं नव्या यंत्रसामग्रीनिशीं पुन्हां सुरू झालें. मरीन लाइन्सचें लिबर्टी १९४९ सालीं ‘अंदाज’नें उघडलें, आणि त्याच चित्रगृहानें १९९४ सालीं आलेल्या ‘हम आपके हैं कौन’ला शंभरांहून अधिक आठवडे पडदा दिला. जुन्या चित्रपटांचे खास खेळ ठेवण्यांत येतात, तेव्हां साठीचे गृहस्थ आणि कॉलेजांतील मुलें एकाच रांगेंत बसून ते पाहतात.

पाहुण्यानें एक खेळ मराठी वस्तींत पाहावा. दादरचें प्लाझा यासाठीं योग्य. लालबागचें भारतमाता हें गिरणगांवांतील कामगारांचें मराठी चित्रपटगृह म्हणून प्रसिद्धीस आलें. दुसरा खेळ वांद्रे स्थानकाजवळच्या गेटी-गॅलेक्सीसारख्या ठिकाणीं, आणि तोही शुक्रवारीं, चित्रपट लागेल त्याच दिवशीं पाहावा. शिट्या, टाळ्या, नायकाच्या प्रवेशास होणारा गलका यांचा प्रथम त्रास वाटेल. परंतु पंधरा मिनिटांत ध्यानांत येतें कीं, पडद्यावर एक खेळ चालला आहे आणि खालीं दुसरा. ज्या बंगल्यापाशीं हे पाहुणे उन्हांत उभे राहतात त्याच्या मालकाचें भवितव्य त्या दिवशीं याच अंधारांत ठरत असतें. शक्य असल्यास तिकीट बाल्कनीचें न घेतां खालच्या वर्गाचें घ्यावें, मध्यंतरांत बाहेर येऊन बटाटावडा खावा, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ‘कसा वाटला?’ एवढें विचारावें. मुंबईचा मनुष्य एरव्हीं घाईंत असतो, पण या प्रश्नाला तो थांबून उत्तर देतो.

या आग्रहामागें केवळ हौस नाहीं. एकच पडदा आणि सात-आठशें खुर्च्या असलेलीं हीं चित्रगृहें एकेक करून मिटत चाललीं आहेत. घरोघरीं दूरचित्रवाणी आली, मग लहान लहान पडद्यांचीं बहुपडदा संकुलें आलीं, मग चित्रपट हातांतल्या यंत्रावर दिसूं लागला. आणि ज्या जागेवर चित्रगृह उभें, त्या जागेची किंमत तिकिटांच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट झाली. असें एक घर मिटलें म्हणजे नुसता धंदा बंद होत नाहीं. हमाल, शिक्षक, विद्यार्थी आणि व्यापारी एका अंधारांत बसून एकाच विनोदाला हंसत, ती जागा नाहींशी होते. बहुपडदा संकुलांत तिकिटाची किंमतच कोणीं कोणाशेजारीं बसावें हें आधीं ठरवून टाकते. पाहुण्याचें एक तिकीट हें घर तारणार नाहीं हें खरें. पण घर तरतें तें एकेका तिकिटानेंच.

ज्यांना याहून खोलांत शिरावयाचें असेल त्यांच्यासाठीं महोत्सव आणि चित्रपट-मंडळें आहेत. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ पासून सामान्यतः वर्षारंभीं भरतो. नांव नोंदवून प्रवेशपत्र घेतलें कीं आठवडाभर इराण, पोलंड, जपान येथील चित्रपट पाहतां येतात. नगरहून पुणें सुमारें १२० किलोमीटर. सकाळच्या गाडीनें जाऊन तीन खेळ पाहून रात्रीं परतणें तरुणांना अवघड नाहीं. मुंबईंत १९६८ सालीं स्थापन झालेलें प्रभात चित्र मंडळ हें अशा मंडळांपैकीं जुनें. तेथें चित्रपट संपल्यावर लोक लगेच उठून जात नाहींत, बसून बोलतात. चित्रपटाचा अर्धा आनंद या बोलण्यांत असतो. पाहुण्यानें एका दिवसांत पांच स्थळें उरकण्यापेक्षां एक चित्रपट पाहावा आणि त्याविषयीं तासभर बोलावें.

शेवटीं प्रश्न उरतो तो घरीं काय न्यावयाचें हा. फाटकाचें छायाचित्र महिन्याभरांत विसरलें जातें. परंतु ज्या मनुष्यानें पुण्याला जळलेल्या रिळांची हकीकत ऐकली, गिरगांवांत नाहींशा झालेल्या चित्रगृहांची जागा पाहिली आणि भरलेल्या अंधारांत सर्वांबरोबर हंसून घेतलें, तो आपल्या गांवाकडेही वेगळ्या नजरेनें पाहूं लागतो. जत्रेंतला तंबूचा सिनेमा ही महाराष्ट्राची स्वतःची परंपरा. ट्रकवरून प्रक्षेपक आणावा, पालाखालीं पडदा बांधावा, आणि यात्रेकरूंनीं मातींत बसून खेळ पाहावा, ही रीत कित्येक दशकें चालली. फिल्मचीं रिळें जाऊन संगणकीय यंत्रें आलीं तेव्हां या तंबूवाल्यांची काय तारांबळ उडाली, हें ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या माहितीपटानें जगाला दाखविलें, आणि कान येथील महोत्सवांत त्याची खास दखल घेतली गेली. म्हणजे ज्या गोष्टीसाठीं परदेशचे रसिक टाळ्या वाजवितात, ती पुष्कळांच्या आजोळच्या जत्रेंतलीच असते.

तेव्हां परतलेल्या पाहुण्यानें घरच्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: तुम्हीं पहिला चित्रपट कोठें पाहिला? उत्तरांत एखादें चित्रगृह येईल, एखादा तंबू येईल, आणि तिकिटाचे पैसे कसे जमविले याची कथाही येईल. तें उत्तर लिहून ठेवावें. रिळें जपण्यास शीतगृहें लागतात. या आठवणी जपण्यास एक वही पुरते. आणि महिन्यांतून एका संध्याकाळीं शाळेच्या दालनांत, वाचनालयाच्या माडीवर किंवा वाड्याच्या चौकांत चार घरच्या मंडळींनीं एकत्र जमून एक चांगला चित्रपट पाहावा, व तो संपल्यावर दिवा लावून त्याविषयीं बोलावें. मोठ्या शहराकडून शिकून आणण्यासारखें जें कांहीं आहे तें इतकेंच; आणि तें नगरच्या एस. टी.च्या पिशवींत सहज मावतें.